उष्णतेची आवक-जावक

नागपुरातील माझा पुतण्या लग्नसमारंभांच्या चित्रफिती संपादित करण्याचा व्यवसाय करतो, आणि ज्याअर्थी विदर्भात लग्नांचा सुकाळ व उन्हाचा कहर हे दोन्ही एकाच महिन्यात येतात, त्याअर्थी त्याच्या लॅपटॉपवर वर्षातील सर्वांत अवजड काम वर्षातील सर्वांत तप्त दिवसांतच येऊन पडते. जानेवारीत ज्या लांबीची चित्रफीत अंतिम स्वरूपात बाहेर काढण्यास, म्हणजे त्याच्या धंद्याच्या भाषेत 'रेंडर' करण्यास, ४० मिनिटे पुरत, तेवढ्याच लांबीच्या चित्रफितीला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ६५ मिनिटे लागू लागली, पंखा दिवसभर घोंघावू लागला, आणि "काका, मशीनच गेली वाटते" असा निकाल देऊन तो नव्या यंत्राच्या किमतींची चौकशी करू लागला. यंत्र गेलेले नव्हते. परंतु ती २५ मिनिटे कोठे गेली याचा छडा लावताना मला जो प्रदेश पायाखाली घालावा लागला, तो पदार्थविज्ञानापासून व्यापारी चातुर्यापर्यंत पसरलेला असून त्याची एकत्र पाहणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. लॅपटॉपात जितकी वीज शिरते तितकीच उष्णता त्यातून बाहेर पडते, यात कसूर होत नाही. पिठाच्या गिरणीत विजेचा काही अंश धान्य भरडण्याच्या कामी लागतो आणि पाण्याच्या पंपात तो पाणी उंचावर चढवून ठेवतो. गणिती यंत्राच्या बाबतीत मात्र असा कोणताही ठेवा मागे राहत नाही. बेरीज झाली, चित्र रंगले, अक्षर उमटले, तरी त्या कार्यात ऊर्जा म्हणून साठून राहिलेले असे काहीच नसते, आणि पडद्यातून बाहेर पडणारा प्रकाशदेखील खोलीच्या भिंतींवर आदळून शेवटी उष्णताच होतो. तेव्हा ६० वॉट वीज खाणारा लॅपटॉप हा, केवळ उष्णतेच्या हिशेबाने पाहिल्यास, आपल्या वडिलांच्या काळच्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बाहून तसूभरही वेगळा नाही. फरक आहे तो जागेचा. प्रोसेसर म्हणून ओळखली जाणारी सिलिकॉनची चकती पुष्कळदा दीड चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि तेवढ्याशा जागेतून ४५ वॉट बाहेर पडावयाचे म्हटले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला ३० वॉट येतात. घरातील १००० वॉटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर तिचा हिशेब ५ वॉटांवर थांबतो. म्हणजे ज्या वस्तूवर आपण बोटे नाचवतो तिच्या पोटात इस्त्रीच्या सहापट दाट अशी आग आहे, आणि ती दोन बोटे जाडीच्या पेटीत, हाताला चटका लागू न देता बाळगण्याचा पण निर्मात्यांनी केलेला आहे.

ही आग इतकी दाट का झाली, याचे उत्तर एका छोट्या सूत्रात सामावलेले आहे. प्रोसेसरमधील अब्जावधी ट्रान्झिस्टर प्रत्येक फेरीत विजेचा एक सूक्ष्म साठा भरतात आणि रिता करतात. या भरण्या-उपसण्यात खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या सम प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता वेग वाढवावयाचा तर बहुधा दाबही वाढवावा लागतो, आणि म्हणून ढोबळ मानाने वेग दुप्पट करू पाहणाऱ्याच्या पदरात दुप्पट नव्हे, तर आठपटीच्या जवळपास उष्णता पडते. उलट बाजूने हेच सूत्र मोठे उदार आहे: दाब दहा टक्क्यांनी उतरवला, तर वेगाला धक्का न लावताही खर्च १९ टक्क्यांनी उतरतो. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करीत गेल्यास त्याचा दाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो, आणि त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर कोंबले तरी त्या जागेची उष्णता वाढत नाही. या सुखद नियमाच्या आधारावर उद्योगाने सुमारे तीन दशके वेगाची उधळपट्टी केली. पुढे दाब आणखी खाली उतरेना, कारण एका मर्यादेखाली ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून विजेची गळती होऊ लागते. आणि २००५ च्या सुमारास ही सवलत संपुष्टात आली.

या वळणावरची एक हकिकत सांगण्यासारखी आहे, कारण लॅपटॉपातील उष्णतेने एका मोठ्या कंपनीला आपला मार्ग कसा बदलावयास लावला हे तीत स्पष्ट दिसते. ॲपल कंपनीने २००३ मध्ये आपल्या टेबलावरच्या संगणकांत आयबीएमचा जी-५ हा प्रोसेसर बसवला, आणि वर्षभरात त्याचा वेग ३ गिगाहर्ट्झवर नेऊ असे आश्वासन स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर सभेत दिले. तो वेगही आला नाही आणि ज्याची ग्राहक वाट पाहत होते तो जी-५ चा लॅपटॉपही कधी आला नाही. ती उष्णता लॅपटॉपच्या पेटीत मावणारीच नव्हती. जून २००५ मध्ये जॉब्ज यांनी त्याच व्यासपीठावरून इंटेलकडे वळण्याची घोषणा केली, तेव्हा त्यांनी पुढे केलेले कारण निखळ वेगाचे नव्हते, तर एका वॉटमागे किती काम होते याचे होते. इंटेलचीही आपली एक शोकांतिका होतीच. पेंटियम ४ च्या वंशात वेगाच्या आकड्यामागे धावता धावता उष्णता एवढी वाढली, की मे २००४ मध्ये त्या वंशातील पुढचा प्रोसेसर जन्मापूर्वीच रद्द करावा लागला. आणि कंपनीला तारले ते इस्राएलमधील हैफा येथील मंडळींनी खास लॅपटॉपसाठी रचलेल्या, मार्च २००३ मध्ये बाजारात आलेल्या पेंटियम एम या थंड प्रकृतीच्या प्रोसेसरने, ज्याची १.६ गिगाहर्ट्झची आवृत्ती २४.५ वॉटांत भागत असे. लॅपटॉपची अडचण सोडवण्यासाठी घेतलेले हे धोरण पुढे टेबलावरच्या संगणकांनीही स्वीकारले. धाकट्या घरातील काटकसर थोरल्या घराने उचलावी, असा हा प्रकार झाला.

आता जावकेची बाजू. सिलिकॉनमध्ये जन्मलेली उष्णता खोलीच्या हवेपर्यंत पोहोचण्यास अनेक नाकी ओलांडावी लागतात, आणि प्रत्येक नाक्यावर काही अंशांची जकात भरावी लागते. चकतीवर तांब्याचा ठोकळा टेकवलेला असतो. दोन्ही पृष्ठे डोळ्यांना आरशासारखी वाटली तरी सूक्ष्म दृष्टीने ती डोंगराळच असतात. ती जेथे जेथे एकमेकांना शिवत नाहीत तेथे तेथे हवा अडकते, आणि उष्णतावहनाच्या बाबतीत हवा ही तांब्याहून सुमारे पंधरा हजार पटींनी कंजूष आहे. या फटी बुजवण्यासाठी जो लेप लावतात त्यास दुरुस्तीवाले नुसते 'पेस्ट' म्हणतात. पेस्ट स्वतः तांब्याच्या तुलनेने दरिद्रीच आहे. तिची थोरवी एवढीच की ती हवेहून शेकडो पटींनी बरी, म्हणून ती जाड थापणाराही फसतो आणि कोरडी पडू देणाराही फसतो. यंत्र रोज तापते व निवते, तांबे आणि सिलिकॉन वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात व आक्रसतात, आणि या अव्याहत चाळवाचाळवीत पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. पेस्टऐवजी गॅलियमचे द्रवरूप मिश्रण वापरण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ते वहनात खचितच सरस आहे, परंतु ते विजेचेही वाहक आहे आणि ॲल्युमिनियमला तर पोखरून काढते; म्हणून घरी बसून हा प्रयोग करणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक करावे आणि अनुकरण करू नये, असे माझे मत आहे.

तांब्याच्या ठोकळ्यापासून यंत्राच्या कडेपर्यंत उष्णता नेण्याचे काम जी चपटी नळी करते, तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण या सर्व संसारात तिच्याइतकी सुंदर वस्तू दुसरी नाही. वरवर पाहणारास ती तांब्याची सळई वाटते. वस्तुतः ती पोकळ आहे. तिच्यातील हवा उपसून काढलेली असते, आत अगदी थोडे पाणी असते, आणि भिंतींच्या आतील बाजूस तांब्याच्या कणांचा सच्छिद्र थर बसवलेला असतो. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी शंभर अंशांची वाट पाहत बसत नाही. चाळीस-पन्नास अंशांवरच त्याची वाफ होते, ती वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तेथे पुन्हा पाणी होऊन आपली सुप्त उष्णता टाकून देते, आणि ते पाणी सच्छिद्र थरातून, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे तसे, केशाकर्षणाने उष्ण टोकाकडे परत येते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ जूल लागतात. तेच एक ग्रॅम पाणी वाफ होताना या तापमानास सुमारे २४०० जूल घेऊन जाते. म्हणजे ४८ वॉट वाहून नेण्यास सेकंदाला एका ग्रॅमचा पन्नासावा भाग एवढ्याच पाण्याची ये-जा पुरते. पाणी गार करणारा आपला माठ याच तत्त्वावर चालतो. परंतु माठातून झिरपलेले पाणी हवेत निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी माठ भरावा लागतो, तर ही नळी आपले पाणी वर्षानुवर्षे तेच ते वापरते. १९४२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी ही कल्पना पेटंटासाठी मांडली होती. तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही, आणि १९६३ मध्ये लॉस ॲलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे सिद्ध केली, ती अवकाशयानांच्या गरजेसाठी. अवकाशात जावयास निघालेली नळी आज चित्रफितींच्या दुकानांत रुजू आहे. मात्र तिचीही क्षमता अमर्याद नाही. यंत्र बारीक दिसावे म्हणून नळी फार चपटी केली की वाफेला वाट अरुंद होते. आणि प्रोसेसर व ग्राफिक्स चिप या दोघांना एकाच नळीवर बांधले की दोन्ही एकदम कामाला लागताच प्रत्येकाच्या वाट्याला अर्धपोटी राहणे येते. रेंडर करताना नेमके हेच घडते.

नळीचे थंड टोक ज्या पातळ पात्यांच्या जुडग्यात शिरते तेथून पुढचा कारभार हवेचा. येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरेल. ६० वॉट उष्णता हवेच्या स्वाधीन करावयाची आणि हवेचे तापमान २० अंशांपेक्षा अधिक वाढू द्यावयाचे नाही, असे ठरवले, तर सेकंदाला सुमारे अडीच लिटर हवा त्या पात्यांमधून गेली पाहिजे. तासाला नऊ हजार लिटर झाली. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यातील हवेइतकी हवा सुमारे तीन तासांत लॅपटॉपच्या नाकातून जाते, आणि त्या हवेबरोबर रस्त्यावरची धूळ, गादीतील कापसाचे तंतू, घरच्या मांजराचे केस हेही जातात. पाती एकमेकांपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर असतात. तंतू त्यांच्या तोंडाशी आडवा पडतो, त्यावर दुसरा पडतो, आणि काही महिन्यांत पंखा व पाती यांच्यामध्ये नमद्याचा म्हणावा असा घट्ट पडदा विणला जातो. बाहेरून तो दिसत नाही. बाहेरून जाळीवर फुंकर घालणारे आणि ब्रश फिरवणारे आपले समाधान करून घेतात, इतकेच.

पंखाही घरातल्या छताच्या पंख्याच्या जातीचा नसतो. तो हवा डोक्यावरून खाली ढकलत नाही. मध्यातून ओढून घेऊन काटकोनात, परिघाकडे भिरकावतो, कारण पात्यांच्या अरुंद फटींतून हवा रेटावयाची तर तिच्या मागे दाब हवा. त्याच्या वर्तनाचे नियम कडक आहेत: फेरे दुप्पट केले तर हवा दुप्पट मिळते, दाब चौपट मिळतो, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलांनी चढतो. म्हणून पंख्याच्या आवाजाची तक्रार करणाऱ्यांना माझे सांगणे असे, की आवाज हा रोग नव्हे, ताप आहे. कोठेतरी वाट अडली आहे, आणि पंखा आपल्या परीने जादा फेरे मारून ती तूट भरून काढू पाहतो आहे. हवा बहुतेक यंत्रांत तळातून शिरते आणि बिजागरीच्या पाठीमागून किंवा कडेने बाहेर पडते. तळाच्या रबरी पायांची उंची चार-पाच मिलिमीटर. तेवढ्याच फटीतून सेकंदाला अडीच लिटर ओढावयाचे आहेत. अशा यंत्रास गादीवर ठेवणे म्हणजे माणसाच्या तोंडावर उशी ठेवण्यासारखेच आहे. दुसरा एक दोष कमी ओळखीचा आहे: बाहेर टाकलेली ऊन हवा भिंतीवर किंवा पडद्यावर आपटून पुन्हा तळाखाली शिरते, आणि मग यंत्र स्वतःचाच उच्छ्वास श्वास म्हणून घेऊ लागते. तळाचे झाकण काढून टाकले की यंत्र मोकळा श्वास घेईल हा समजही सर्वत्र खरा ठरत नाही, कारण अनेक रचनांत झाकण हीच हवेची वाहिनी असते. ते काढताच पंखा जवळची हवा ओढतो आणि दूरचे भाग, जे पूर्वी येणाऱ्या झुळुकीने निवत असत, ते तसेच धुमसत राहतात.

जमा आणि खर्च यांचा मेळ बसला नाही तर काय करावे, याची तजवीज संगणकाच्या कारभारात फार पूर्वीच झालेली आहे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून वीजव्यवस्थापनाची जी संहिता प्रसिद्ध केली, तिच्यात शीतलीकरणाचे दोन मार्ग नमूद आहेत: एक पंखा वाढवण्याचा, आणि दुसरा प्रोसेसरलाच मंद करण्याचा. पहिल्यास सक्रिय म्हटले आहे, दुसऱ्यास निष्क्रिय. वापरणारास दुसरा मार्ग अन्यायाचा वाटतो, पण तो यंत्राचा जीवरक्षक आहे. बहुतेक लॅपटॉपांतील प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान नेमून दिलेल्या मर्यादेस टेकला की तो आपण होऊन पाऊल आखडते घेतो, आणि तरीही उष्णता आवरली नाही तर यंत्र एका क्षणात बंद पडते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, जी या साऱ्या पाहणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते: खोक्यावर छापलेला वेगाचा मोठा आकडा हा यंत्राचा पगार नसून उचल आहे. काम सुरू होताच प्रोसेसर आपल्या कायमच्या मर्यादेपलीकडे दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वॉट काही काळ खर्च करतो, कारण तांबे, नळ्या आणि पेटी तेव्हा थंड असतात आणि तेवढी उष्णता पोटात रिचवू शकतात. ही मुदत पुष्कळ यंत्रांत २८ सेकंदांची धरलेली असते. पत्रे लिहिणारास, हिशेब करणारास ही मुदत पुरून उरते आणि त्याला यंत्र विजेसारखे चपळ भासते. चाळीस मिनिटांच्या कामात मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटाची मिजास काय कामाची? तेथे यंत्राचा वेग ठरवतो तो पंखा, ती पाती आणि खोलीची हवा. एकाच प्रोसेसरचे नाव मिरवणारे दोन लॅपटॉप दीर्घ कामात एकमेकांपासून बरेच दूर पडलेले दिसतात ते यामुळे. आणि विक्रेत्याच्या टेबलावर दोन मिनिटे यंत्र चालवून पाहणारा ग्राहक नेमकी हीच गोष्ट पाहू शकत नाही.

कारभार चालवणारी आज्ञावलीच चुकली तर उत्तम तांबेही व्यर्थ होते. जुलै २०१८ मध्ये ॲपलच्या नव्या, सर्वांत महाग लॅपटॉपाची गती भाराखाली अपेक्षेहून पुष्कळच घसरते असे परीक्षकांनी दाखवून दिले. कंपनीने थोड्याच दिवसांत आज्ञावलीतील उणीव कबूल केली आणि सुधारणा पाठवली. पंखा तोच, पाती तीच. बदलला तो हुकूमनामा.

यंत्राच्या प्रकृतीपलीकडे माणसाच्या प्रकृतीचाही येथे संबंध पोहोचतो. लॅपटॉप या शब्दाचाच अर्थ मांडीवरचा असा, आणि जड कामाच्या वेळी तो मांडीवर ठेवू नये असे निर्मातेच बजावतात! यात केवळ हवा कोंडण्याचा प्रश्न नाही. जी उष्णता एका क्षणात भाजत नाही तीही तासन्‌तास एकाच जागी लागत राहिली तर कातडीवर जाळीदार तपकिरी डाग उमटवते. २०१० मध्ये 'पेडियाट्रिक्स' या बालरोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात, मांडीवर लॅपटॉप ठेवून अनेक महिने खेळणाऱ्या एका १२ वर्षांच्या मुलाची अशी हकिकत प्रसिद्ध झाली. काश्मिरात हिवाळ्यात फिरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांच्या अंगावर हेच डाग वैद्यांना पूर्वीपासून परिचित होते.

आता माझ्या पुतण्याच्या त्या २५ मिनिटांकडे वळतो. जानेवारीत त्याची खोली २२ अंशांवर होती, मे महिन्यात दुपारी ४२ वर. प्रोसेसरची मर्यादा ९५ धरली तर उष्णता रेटण्यास जानेवारीत ७३ अंशांचा उतार उपलब्ध होता, आता तो ५३ वर आला. आणि हवेवर निवणाऱ्या यंत्रात बाहेर जाणारी उष्णता या उताराच्या प्रमाणात असते. तेव्हा जेथे ४५ वॉट सुखाने जात होते तेथे आता ३३ च्या आसपास जाणार. पण वर सांगितलेले सूत्र येथे आपल्या बाजूने उभे राहते: शक्ती चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक घटली तरी वेग साधारण दहा टक्क्यांनीच घटतो, म्हणजे ४० मिनिटांची ४४ किंवा ४५ व्हावीत. उन्हाळ्यावर एवढीच मिनिटे नावे टाकता येतात. बाकीच्या वीस मिनिटांचा दोष सूर्यावर ढकलण्यास हिशेब परवानगी देत नव्हता.

यंत्र उघडले तेव्हा त्या वीस मिनिटांचे मालक सापडले. दुरुस्तीच्या दुकानातील तरुणाने पंख्याचे चार स्क्रू काढले, पात्यांच्या तोंडावरचा करड्या रंगाचा पडदा चिमट्याने अखंड उचलला आणि बोटभर लांबीची ती पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. "काका, हे बघा, फॅन फिरतोय पण हवा जायला जागाच नाही," एवढेच तो म्हणाला. पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. घरी चौकशी करता असेही कळले की दुपारी कूलरची झुळूक अंगावर यावी म्हणून चिरंजीव टेबल सोडून गादीवर बसून काम करीत आणि यंत्रही गादीवरच ठेवीत. कूलरच्या हवेला माझा विरोध नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांतून आलेली हवा बाहेरच्या हवेहून कितीतरी अंशांनी उतरलेली असते आणि ते अंश यंत्राच्याही खाती जमा होतात. फक्त तुषार उडत असतील तेथून यंत्र दूर असावे. कोकणच्या खारट, दमट हवेत हा उपाय चालत नाही; तेथे बाष्पीभवनच मंद होते, आणि तापमान कमी असूनही गंजाचा उपद्रव वेगळाच मागे लागतो. सफाई झाली, नवी पेस्ट लागली, यंत्र टेबलावर परत आले, आणि त्याच दुपारी, तेवढ्याच लांबीच्या चित्रफितीला ४६ मिनिटे लागली.

बाजारात मिळणाऱ्या इतर उपायांविषयी थोडक्यात सांगतो. पंखे बसवलेले जे पाट 'कूलिंग पॅड' म्हणून विकले जातात त्यांचा बराचसा गुण यंत्र वर उचलले जाण्यात असतो, आणि तेवढा गुण मागील बाजूस दोन लाकडी ठोकळे ठेवूनही मिळतो. पॅडचा पंखा यंत्राच्या झरोक्यासमोर आला तर लाभ आहे, नाहीतर तो आंधळ्या पत्र्यावर वारा घालीत बसतो. प्रोसेसरचा दाब किंचित उतरवण्याचा उपाय मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटे, कारण तो खर्चाच्या मुळावरच घाव घालतो. पण डिसेंबर २०१९ मध्ये हीच सोय वापरून प्रोसेसरमधील गुपिते चोरता येतात असे संशोधकांनी दाखवले, आणि त्यानंतर अनेक यंत्रांत ती कुलूपबंद झाली. कमाल वेगावर स्वतःहून थोडी मर्यादा घालणे हा त्याचा गरीब भाऊ अजून उपलब्ध आहे. बॅटरीची गोष्ट निराळी: तिला उष्णता आणि पूर्ण भरलेली स्थिती ही दोन्ही एकत्र सोसत नाहीत, म्हणून दिवसभर तारेला जोडून जड काम करणाऱ्याने, यंत्रात सोय असेल तर, भरणा ८० टक्क्यांवर थांबवावा.

नव्या प्रयत्नांत दोन दिशा दिसतात. एक, पंख्याचे पातेच काढून टाकून त्याजागी अतिसूक्ष्म कंप पावणाऱ्या पडद्यांनी हवा फुंकण्याची. फ्रोर सिस्टिम्स या कंपनीने २०२२ च्या अखेरीस असे उपकरण पुढे आणले. दुसरी, पंखाच नको म्हणण्याची. ही दुसरी दिशा वाटते तितकी नवी नाही: १९८२ च्या ग्रिड कंपास या आद्य लॅपटॉपाची मॅग्नेशियमची पेटीच उष्णता बाहेर टाकण्याचे काम करी. १९८० मध्ये ॲपल ३ हा टेबलावरचा संगणक पंख्याविना काढण्याचा हट्ट मात्र ॲपल कंपनीस, इतर दोषांच्या जोडीने, फार महाग पडला होता. चाळीस वर्षांनी त्याच कंपनीने पुन्हा तो हट्ट धरला आणि या खेपेस प्रोसेसर त्या योग्यतेचा होता. २०२० च्या अखेरीस तिने एकाच एम-१ प्रोसेसरचे दोन लॅपटॉप बाजारात आणले, एक पंख्यासह आणि एक पंख्याविना. प्रयोगशाळेत मांडावा असा हा तुल्यप्रयोग ग्राहकांपुढे आपोआपच मांडला गेला. छोट्या कामांत दोघांत फरक काढणे कठीण होते. काम काही मिनिटांच्या पुढे लांबले की पंखा नसलेला हळूहळू मागे पडे, आणि पंखा असलेला आपला वेग टिकवून धरी. माझ्यासारख्या, दिवसाला चार पाने लिहिणाऱ्या माणसास पंखा नसलेला पुरतो, आणि मी तोच घेतला. पुतण्याने अर्थातच आपला घोंघावणारा जुना यंत्रराज ठेवून घेतला आहे. दर अक्षय्य तृतीयेच्या आधी तो त्याच दुकानात नेऊन उघडवून आणतो.